वीस पावलांवरून

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत एकाच दिवशी दोन मराठी मुलांनी सुवर्णपदकं जिंकली. अदिती स्वामी तेव्हा १७ वर्षांची होती. ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. एक साताऱ्याची, दुसरा नागपूरचा. सराव मात्र दोघांचाही साताऱ्यातला. अशा बातमीत अर्जुन आणि पोपटाचा डोळा यायचाच. पण त्या दोघांचं धनुष्य अर्जुनापुढे ठेवलं असतं, तर ते धरायचं कुठून हेच त्याने आधी विचारलं असतं. मूठ अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही टोकांना लंबगोल चाकं, चाकांवरून फिरवलेल्या केबली, नेमासाठी भिंग, धनुष्य तिरकं होऊ नये म्हणून बुडबुड्याची पातळी आणि दोरी सोडायला बोटांऐवजी एक खटका. याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. दोरी ओढताना मधल्या टप्प्यात सगळा जोर लावावा लागतो, पण शेवटच्या काही इंचांत चाकं वळतात आणि भार एकदम उतरतो. ७० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावर जेमतेम १५-२० पौंड उरतात. हात थरथरत नाही, नेम शांतपणे धरता येतो.

हे यंत्र मुळात क्रीडास्पर्धांसाठी घडलेलं नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहणाऱ्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन नावाच्या शिकारीचा नाद असलेल्या माणसाने ते आपल्या गॅरेजमध्ये जुळवलं, आणि १९६९च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं. नवशिक्यालाही थोड्या आठवड्यांत बऱ्यापैकी बाण मारता यावा, बाण वेगाने जावा, हरणाला हलायला वेळ मिळू नये, अशी सगळी सोय त्यात होती. बघता बघता शिकारी धनुष्यांचा बाजार त्याने काबीज केला. आणि साधारण तेव्हापासूनच तिथे काही माणसं उलट्या दिशेने चालू लागली. चांगलं चाकांचं धनुष्य भिंतीला टांगून ती एकसंध लाकडाचं, भिंग नाही की पातळी नाही असं धनुष्य हातात घेऊ लागली. त्यांची मासिकं निघाली, मेळावे भरू लागले, लाकूड तासून धनुष्य करण्यावर जाडजूड ग्रंथ आले. काही जण मासेमारीतही तेच करू लागले: रीळ टाकलं, काठी आणि दोरा ठेवला.

हाताशी सोपं साधन असताना अवघड साधन का घ्यायचं? जुन्याची हौस, निसर्गाची ओढ ही उत्तरं खोटी नाहीत, पण पुरेशीही नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट मोजण्याजोगी दिसते, ती म्हणजे अंतर. चांगल्या रायफलीने सरावाचा माणूस २००-३०० यार्डांवरचं हरिण मारतो. कंपाउंड धनुष्याने ४०-५० यार्ड. लाकडी धनुष्याने बहुतेक जाणते शिकारी २० यार्डांच्या पलीकडे बाण सोडतच नाहीत. साधन जितकं साधं, तितकं जनावराच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर त्या जनावराविषयी जे जे ठाऊक असायला हवं ते सगळं बाजारात विकत मिळत नाही.

२० यार्डच का, याचं गणित सोपं आहे. लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण १८० फूट जातो. ६० फुटांना त्याला एक-तृतीयांश सेकंद लागतो. आवाजाचा वेग सेकंदाला ११०० फुटांच्या वर, म्हणजे दोरी सुटल्याचा टणत्कार हरणाच्या कानावर एक-विसांश सेकंदात पोहोचतो. बाण अजून वाटेत असतानाच हरणाला कळलेलं असतं. पळण्यासाठी ते आधी गुडघ्यांत खाली बसतं, अंग वीतभर खाली जातं, आणि छातीवर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट, भलत्या जागी लागतो. अंतर दुप्पट केलं की हरणाला मिळणारा वेळही दुप्पट होतो. म्हणून धनुष्य तेच ठेवून फक्त नेम सुधारून भागत नाही. वारा कुठून कुठे चाललाय, हरिण कुठल्या वाटेने पाण्यावर येतं, मान खाली घालून चरताना किती वेळाने वर बघतं, कान कुठे वळलेत, हे ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असूनही बरेच दिवस बाण भात्यातच राहतो.

शिवाय बाण मारतो कसा, हेही समजून घ्यायला हवं. गोळीचा धक्काच जनावराला पुष्कळदा आडवं करतो. बाणाला असा धक्का नसतो. तो कापत जातो आणि रक्तस्रावाने जनावर मरतं. फुप्फुसांतून गेला तर काही सेकंदांत. पोटात लागला तर तासन्‌तास. म्हणून पात्याला वस्तऱ्याची धार लागते, आणि बाण लागल्यावर लगेच पाठलाग करायचा नाही, निदान अर्धा तास जागेवर बसून राहायचं, मग पानापानावरचे थेंब बघत जायचं, हा या मंडळींतला पहिला पाठ. विरोधक म्हणतात की यात जखमी होऊन निसटणारी, झुडपात कुठेतरी झुरत मरणारी जनावरं असतातच. हा आक्षेप मला खरा वाटतो. मासिकांतल्या गुळगुळीत छायाचित्रांत आणि कॅम्पफायरच्या गोष्टींत त्याला उत्तर नाही. जे थोडंफार उत्तर आहे ते सराव, कमी अंतर आणि शंका आली की बाण न सोडणं एवढंच.

*

ही उलटी वाट नेमकी कुठून सुरू झाली? अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मॉरिस आणि विल थॉम्पसन या दोन भावांनी धनुष्य घेऊन जंगलं पालथी घातली, मॉरिसचं पुस्तक १८७८ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी तिरंदाजांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पण ते वेड मैदानी नेमबाजीकडे वळलं आणि विरलं. आज तिकडच्या प्रत्येक लाकडी धनुष्याच्या कुळकथेत जी व्यक्ती येते ती वेगळीच आहे, आणि तिची गोष्ट हौसेची नाही.

१९११च्या ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेरच्या कत्तलखान्याच्या आवारात कुत्री भुंकू लागली. कुंपणाशी पन्नाशीच्या आसपासचा, उपासाने खंगलेला एक माणूस उभा होता. केस जाळून आखूड केलेले. ती त्याच्या लोकांची सुतकाची रीत होती. शेरीफने त्याला कोठडीत ठेवलं, कारण दुसरं कुठे ठेवायचं ते त्याला सुचेना. कॅलिफोर्निया विद्यापीठातला मानववंशशास्त्रज्ञ टॉमस वॉटरमन याना भाषेच्या शब्दांची यादी घेऊन आला आणि एकेक शब्द म्हणून दाखवू लागला. बराच वेळ काही नाही. शेवटी पिवळ्या पाइनचा शब्द आला आणि वॉटरमनने खाटेच्या लाकडावर टिचकी मारली, तेव्हा त्या माणसाचा चेहरा उजळला. तो ‘याही’ नावाच्या याना जमातीचा शेवटचा माणूस होता. आपलं नाव त्याने अखेरपर्यंत कोणाला सांगितलं नाही, म्हणून आल्फ्रेड क्रोबर या प्राध्यापकाने त्याच्याच भाषेतला माणूस या अर्थाचा शब्द त्याला नाव म्हणून दिला: इशी.

याहींची संख्या मुळातच काही शे. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांनी १८६०च्या दशकात त्यांच्या वस्त्यांवर हल्ले केले. १८७१ मध्ये किंग्स्ले गुहेत तीसेक जणांना मारलं. उरलेले मूठभर लोक डिअर क्रीकच्या दरीत जे लपले ते चाळीस वर्षं लपून राहिले. झुडपांखालून रांगत जायचं, दगडावरून दगडावर पाय टाकायचा म्हणजे माग राहत नाही, धूर वर जाऊ नये इतका लहान विस्तव करायचा. अशा जगण्यात बंदूक मिळाली असती तरी उपयोगाची नव्हती; तिचा आवाज दरीभर गेला असता. धनुष्य बंदुकीसारखा आवाज करत नव्हतं म्हणून ते जगले. आज हौसेने धनुष्य घेणारे ज्या शांततेचं कौतुक करतात ती याहींच्या पदरी बंदुकीच्या भीतीने आली होती, हे मी तरी विसरू शकत नाही. १९०८ मध्ये मोजणीदारांच्या तुकडीला त्यांचा तळ सापडला, आणि तिथली हत्यारं, टोपल्या, कातडी लोक आठवण म्हणून उचलून घेऊन गेले. तळावर इशीबरोबर राहणारे बाकीचे तिघे त्यानंतर गेले असावेत. तीन वर्षांनी इशी एकटा ओरोव्हिलला आला.

त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहायला जागा मिळाली. शेजारीच विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय होतं, आणि तिथे सॅक्स्टन पोप नावाचा शल्यचिकित्सक शिकवायचा. १९१२ पासून दोघांची गाठभेट होऊ लागली आणि पोप धनुष्याच्या नादी लागला. इशी त्याच्यापुढे बसून धनुष्य करी आणि पोप मोजमापं टिपून घेई. लाकूड डोंगरी जुनिपरचं. लांबी प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे: आडव्या पसरलेल्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. धनुष्याच्या पाठीवर हरणाची तात चावून मऊ करून, पदर सोडवून, सामन माशाच्या कातडीच्या सरसाने चिकटवायची. धनुष्य वाकतं तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड ताणाला कमी पडून तुटतं, तिथे तात तो ताण घेते. बाणाची टोकं काळ्या ज्वालामुखी काचेची. शहरात आल्यावर त्याने बाटल्यांच्या काचाही वापरल्या. हाडाच्या किंवा लोखंडी टोकाने काठाला दाब देऊन एकेक कपची उडवायची, अर्ध्या तासात टोक तयार. धनुष्य उभं ठेवायचं नाही, आडवंच ठेवायचं, नाहीतर ते काम करत राहतं आणि थकतं, असं तो पोपला सांगे. वापरात नसताना दोरी उतरवायची. आजही एकसंध लाकडाचं धनुष्य करणारे दोरी उतरवूनच ठेवतात.

पोपच्या टिपणांतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी नोंद नेमबाजीची आहे. गोल चक्रांच्या लक्ष्यावर इशी सामान्य होता. ४० यार्डांवर त्याचे बाण विखुरत. डॉक्टर त्याला हरवत असे. पण झुडपात सशापुढे, खारीपुढे, डॉक्टर त्याच्या जवळपासही नव्हता. इशी बोटांवर ओठ टेकून चुंबनासारखा आवाज काढी आणि ससे, कधी रानमांजरंही, बघायला पुढे येत. हरणाच्या शिकारीआधी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, सकाळी अंघोळ करून सुगंधी पाल्याने अंग घाशी. हरणाच्या डोक्याचं टोपर घालून झुडपाआडून नुसतं डोकं वर-खाली करी, की हरिण कुतूहलाने जवळ येई. त्याच्या धनुष्याचा जोर ४०-४५ पौंड, आजच्या नियमांत जेमतेम बसेल एवढाच. पण १० यार्डांवर येणाऱ्या जनावराला तेवढा पुरतो. नदीत सामनसाठी त्याचा दोन फाळांचा भाला होता: फाळ माशात शिरला की काठीपासून सुटे आणि दोरीवर आडवा होऊन अडके, त्यामुळे माशाने कितीही झटका दिला तरी काठी मोडत नसे. १९१४च्या उन्हाळ्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा मुलगा त्याला घेऊन डिअर क्रीकच्या दरीत गेले, आणि लपून काढलेल्या आयुष्याची एकेक जागा त्याने त्यांना दाखवली. परत जायला तो आधी तयार नव्हता.

२५ मार्च १९१६ रोजी तो क्षयाने वारला. शहरात आलेल्या जंगली माणसाला शहराचा रोग. शवविच्छेदन करू नये असं क्रोबरने न्यूयॉर्कहून निकराने कळवलं, पण पत्र उशिरा पोहोचलं. पोपने चितेबरोबर धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली. मेंदू मात्र काढून घेतला होता आणि तो स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. १९९९ मध्ये त्याचा पत्ता लागला आणि २००० साली तो याना वंशजांच्या जमातींकडे सोपवण्यात आला.

*

पोपचं नाव तिकडे आदराने घेतात, आणि त्याची नोंदवही नसती तर यातलं काही उरलं नसतं. तरी त्याने पुढे जे केलं त्याकडे मला तितक्या आदराने बघता येत नाही. त्याला आर्ट यंग हा उत्तम तिरंदाज भेटला, विल कॉम्प्टनकडून इंग्लिश पद्धतीचं यू लाकडाचं लांब धनुष्य मिळालं. १९२० मध्ये हे लोक यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात खास परवानगीने गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञान अकादमीसाठी त्यांनी बाणांनी ग्रिझली अस्वलं मारली. पाठीशी बंदूकधारी वाटाड्या होता. ज्या कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, तिथून तो त्याच दशकात नाहीसा झाला. १९२५ मध्ये आफ्रिकेत सिंह. तिथेही गरज पडली की रायफल होती. इशीकडून २० पावलांची शिकवण घेतली आणि तिचा उपयोग केवढं मोठं जनावर धनुष्याने मारता येतं हे सिद्ध करायला झाला. पोपचं १९२३ मध्ये आलेलं, धनुष्याने शिकार कशी करावी यावरचं पुस्तक मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. यंगचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट १९२० च्या दशकाअखेर डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या तरुणाने पाहिला. बेअरने १९३३ मध्ये धंदा सुरू केला, पुढे ग्रेलिंगला कारखाना काढला, लाकडावर फायबरग्लासचे थर देऊन हजारोंनी धनुष्यं केली. जुन्या वाटेने निघालेला माणूस इथेच पहिल्यांदा कारखान्याच्या दारात येऊन पोहोचला. अ‍ॅलनची चाकं त्याच रस्त्यावर पुढे आली.

पोपच्या त्याच पुस्तकाने आणखी एक माणूस धनुष्याकडे ओढला गेला: आल्डो लिओपोल्ड. वनाधिकारी, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक. मॅडिसनमधल्या घरी त्याने स्वतः धनुष्य-बाण घडवले, मुलांना शिकवलं. त्याची पत्नी एस्टेला तर राज्याची विजेती तिरंदाज झाली. न्यू मेक्सिकोत गिलाच्या जंगलात धनुष्य घेऊन तो हरणांमागे हिंडला. १९४८ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या निबंधसंग्रहात त्याने खिशांतून, कमरेला आणि गळ्यात यंत्रं लटकवून रानात जाणाऱ्या शिकाऱ्याची चांगलीच खिल्ली उडवली. त्याचं म्हणणं असं की शिकाऱ्याला टाळ्या देणारं वा शिट्टी मारणारं रानात कोणी नसतं, म्हणून नियम त्याने स्वतःवर घालून घ्यायचे असतात, आणि यंत्रं वाढली की हे बंधन पातळ होतं. पोपची धनुर्विद्या आणि लिओपोल्डचं हे बंधन यांत निवड करायची झाली तर मी लिओपोल्डकडे जाईन.

तिकडच्या कायद्यानेही हे बंधन काही प्रमाणात मानलं आहे. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये दोन जिल्ह्यांत फक्त धनुष्यधाऱ्यांसाठी हरणांचा वेगळा हंगाम उघडला. आज प्रत्येक राज्यात तसा हंगाम आहे आणि तो बहुतेक ठिकाणी बंदुकीच्या हंगामापेक्षा लांब असतो, कारण साध्या साधनाने कमी जनावरं मरतात. पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतर एक हंगाम असतो, त्यात १९७४ पासून गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुनी बंदूकच चालते. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला, १९७२च्या दुरुस्तीने धनुष्य-बाणही त्यात आले. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आता वाद क्रॉसबोचा आहे. बंदुकीसारखा दस्ता, ओढलेली दोरी अडकवून ठेवायची, भिंगातून बघून घोडा दाबायचा. शिकाऱ्यांची संख्या घटतेय, हरणं वाढतायत, म्हणून पेन्सिल्व्हेनियाने २००९ मध्ये, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये त्याला मोकळी वाट दिली. लाकडी धनुष्यवाले संतापलेत: सोय हवी असेल तर बंदुकीच्या हंगामात या. हंगामाची सवलत साधनाच्या अवघडपणाबद्दल होती, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

मासेमारीतली हीच चळवळ जपानहून आली. तिथल्या डोंगरी ओढ्यांत धंद्याने मासे धरून सरायांना विकणारे लोक बांबूची लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेला दोरा आणि पिसांची खोटी माशी एवढ्यावर इवाना, यामामे हे मासे काढत. रीळ नाही. याला तेनकारा म्हणतात. २००९ पासून अमेरिकेत त्याचा व्यापार सुरू झाला, आणि पॅटागोनिया कंपनीचा संस्थापक इव्हॉन शुईनार्ड याने २०१४ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. वीस प्रकारच्या माशा डबीत बाळगायच्या, की एकच माशी घेऊन पाण्यातल्या प्रवाहाचा अभ्यास करायचा, हा त्यांच्यातला आवडता वाद. आता काठी कार्बनची, दुर्बिणीसारखी मिटणारी आणि शंभर-दीडशे डॉलरांना. कोकणातल्या कुठल्याही पऱ्ह्याच्या काठी गळ टाकून बसलेल्या पोराला हे कळलं तर तो हसून लोळेल. पण हसून झाल्यावर त्यालाही मान्य करावं लागेल की दोरा काठीएवढाच असला की माशाच्या काठीभर अंतरावर, सावली पाण्यावर पडू न देता, जाऊन बसावं लागतं.

*

आपल्याकडे ही चर्चा थेट उचलून आणता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि साधन साधं असलं म्हणून त्यात सूट नाही. ते योग्यच आहे. बंदी येईपर्यंत माळावरचे काळवीट आणि माळढोक कोणी संपवले याचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा. जीपमधून रायफली चालवणाऱ्यांचा वाटा त्यात मोठा होता आणि शिक्षा भोगायला पुढे फासेपारधी राहिले.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. एकाच मुलखात फिरणाऱ्या या तिघांची साधनं आणि सावजं वेगळी. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत. वैदू लहान मांसाहारी प्राणी, तसेच मासे, कासवं, खेकडे. फासेपारधी फाशांनी काळवीट आणि मोर, तित्तर, लावे असे पक्षी. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की फाशात अडकलेली गाभण मादी किंवा पाडस पारधी सोडून देत. बंदुकीची गोळी सुटल्यावर हे करता येत नाही. बाण सुटल्यावरही नाही. फास जनावर जिवंत धरतो, म्हणून माणसाला हातात धरल्यानंतरही विचार बदलता येतो. अमेरिकन मंडळी ज्याला साधं साधन म्हणतात त्याच्या एक पाऊल पुढे हे होतं, आणि त्यासाठी कोणी मासिक काढलं नव्हतं. हे पाळणारे लोक इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतः गुन्हेगार ठरले होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, वीस वर्षांनी शिकारीवर बंदी आली आणि चूल पेटवायचं साधनच गुन्हा झालं. अमेरिकेतल्या हौशी माणसाला साधेपणा निवडता येतो, आणि नकोसा झाला की सोडताही येतो. पारध्याला ना तो निवडायला मिळाला, ना ठेवायला.

साधेपणाचं भाबडं कौतुक करायचं नसेल तर चढणीच्या माशांकडे बघावं. पहिला पाऊस झाला की मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत चढतात. गावं रात्री बत्त्या घेऊन निघतात. काठी, कोयता, बांधाच्या तोंडाशी लावलेलं सापळ्याचं टोपलं, नाहीतर नुसते हात. याहून साधं काय असणार? पण ते मासे अंडी घालायलाच चढलेले असतात, आणि अख्खी चढण एका रात्रीत उपसली तर टोपलं बांबूचं होतं म्हणून काही फरक पडत नाही. समुद्रावर कायद्याने हे ओळखलंय: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, बिनयांत्रिक पारंपरिक होडीला मोकळीक. गोड्या पाण्यात तसा शहाणपणा अजून गावानेच दाखवायचा आहे.

मग महाराष्ट्रात राहून कुणाला हे धनुष्य धरायचं असेल तर काय करावं? लक्ष्यावर बाण मारायला कायद्याची आडकाठी नाही. साध्या लाकडी धनुष्याने सुरुवात करणारे बहुतेक जण एकच घोडचूक करतात: जड धनुष्य घेतात. सुरुवात २५-३० पौंडांवर करावी. लक्ष्य पाच-सात पावलांवर ठेवावं आणि पहिले काही आठवडे त्यावर ठिपकासुद्धा काढू नये. हात कुठे थांबतो, दोरी कशी सुटते एवढंच शिकायचं. भिंग नसल्यामुळे डोळा बाणाच्या टोकाकडे नव्हे, ज्या जागी बाण जायचा त्या जागेकडे ठेवावा लागतो. हे साताऱ्याच्या मैदानावरच्या तंत्राच्या बरोबर उलट आहे, म्हणून दोन्ही एकदम शिकायला जाऊ नये. मासे धरायचे तर तळी-धरणांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. त्यांना विचारून गळ टाकावा. सातपुड्यात भिल्लांकडे कळकाच्या धनुष्याला कळकाच्याच चिरफळीची दोरी असते. ते हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर सोडू नये, आणि ते स्वस्तात विकत मागण्याचा उद्योग करू नये.

आणि ज्यांच्याकडे हे ज्ञान अजून आहे त्यांचं काय? २००९ पर्यंत मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता, आणि त्या ऱ्हासात शिकारी टोळ्यांबरोबर पारध्यांचंही नाव घेतलं गेलं. त्याच पन्नात आता पारधी तरुण पर्यटकांना जंगलातून पायी फिरवून आणतात. माग कसा वाचायचा ते दाखवतात, तित्तराची हाक काढतात आणि झाडीतून खऱ्या तित्तराचं उत्तर येतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात इशीही रविवारी दुपारी जमलेल्या लोकांसमोर बाणाची टोकं घडवून दाखवी. त्याला तिथे महिना २५ डॉलर मिळत, पण ते झाडलोटीच्या कामाचे. पन्नात निदान फेरीचे पैसे तरी हाकेचे आणि मागाचेच मिळतात.